"काकू जरा रागीट वाटल्या": इंजेक्शनने भुवया उचलून घ्याव्यात का?

पत्र थोडक्यात असं. मालवणच्या बाजूला किनाऱ्यालगतच्या एका गावात एक ताई घरच्याच तीन खोल्यांचा होमस्टे चालवतात, वय ४६. मिस्टर गाडी आणि बाजारहाट बघतात, स्वयंपाक आणि पाहुणे ताईंकडे. खोलीचं भाडं रात्रीचे दोन हजार. मे महिन्यात येऊन गेलेल्या एका फॅमिलीने ऑनलाइन रिव्ह्यू टाकला, चार स्टार, "जेवण एक नंबर, खोली स्वच्छ, काकू जरा रागीट वाटल्या". तेव्हापासून ताई आरशासमोर गेल्या की भुवयाच बघतात. बाहेरची टोकं खाली आलीत, डोळे लहान दिसतात, मध्ये दोन उभ्या आठ्या. पुण्यातली मुलगी म्हणते, आई बोटॉक्सने आयब्रो लिफ्ट करून घे, दहा मिनिटांचं काम, कोणाला कळणार पण नाही. कोल्हापूरच्या एका क्लिनिकने फोनवर नऊ हजार सांगितलेत. जाऊबाईंच्या कानावर गेलं तर त्या म्हणाल्या, "ह्यां काय नवीन खूळ काढलंस गो?" गणपतीला दोन महिने आहेत, सगळे चाकरमानी येणार, त्याआधी करावं असं वाटतंय. मिस्टरांना अजून काही बोललेल्या नाहीत. करू का, आणि त्यांना सांगू का, हे दोन प्रश्न. सोबत दोन फोटो.

ताई,

सगळ्यात आधी तो रिव्ह्यू. मी तीनदा वाचला. जेवण एक नंबर, खोली स्वच्छ, म्हणजे ज्याचे पैसे घेता ते सगळं व्यवस्थित मिळालं त्या लोकांना, आणि तरी एक स्टार कापला तो तुमच्या चेहऱ्याचा. मिस्टर गाडी घेऊन कुडाळ स्टेशनला आणायला गेले असतीलच ना, त्यांच्याबद्दल एक शब्द नाही, काका हसरे होते की तोंड पाडून गाडी चालवत होते काही नाही. बाईने मात्र सोलकढी वाढायची आणि ती पण हसून वाढायची. हे बोलून घेते, नाहीतर मला रात्री झोप येणार नाही. पण एवढं बोलून तुमचा प्रश्न झटकणार नाहीये. "लोकांकडे कशाला लक्ष देता" हे त्यांनी म्हणावं ज्यांचं घर पाहुण्यांच्या स्टारवर चालत नाही.

मी डॉक्टर नाही हे नेहमीसारखं परत सांगते. माझी भाची स्किनची डॉक्टर आहे, तिला फोनवर तासभर पिडलं या विषयावर (तुमचं नाव, फोटो काही दाखवलेलं नाही, काळजी करू नका), त्यामुळे खाली जी डॉक्टरी माहिती आहे ती तिच्याकडून पक्की करून घेतलीय, आणि मतं माझी स्वतःची आहेत.

आता तुमचे फोटो. पहिला पडवीतला, मुलीने काढलेला, संध्याकाळचा असावा. त्यात भुवयांची टोकं थोडी उतरलेली दिसतात, हो, नाही म्हणत नाही. पण रागीट? अजिबात नाही. दमलेल्या दिसता, आणि मे महिन्यात तीनही खोल्या भरलेल्या असताना कोण दमणार नाही. दुसरा तुम्ही स्वतः काढलाय, भर दुपारी, खळ्यात उभ्या राहून. हात पूर्ण लांब, मान थोडी मागे, डोळे बारीक, आणि ज्या दोन आठ्यांबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंय त्या इथे स्पष्ट आहेत. पहिल्या फोटोत त्या जवळजवळ नाहीतच. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. भुवया त्याच, बाई तीच.

मग मला एक सांगा, हात एवढा लांब का धरला होता? मागे घर यावं म्हणून, की फोन जवळ आणला की धूसर दिसतं म्हणून?

पूर्ण पत्रात चष्म्याचा एक शब्द नाही. ४६ वर्षं वय आहे, आपल्याकडे जवळच्या चष्म्याला चाळिशी हे नाव उगाच नाही पडलं, चाळिशीच्या आसपास डोळ्यातली लेन्स हळूहळू ताठर होत जाते आणि जवळचं बघायला त्रास व्हायला लागतो, सगळ्यांनाच. मग आपण काय करतो, हात लांब करतो आणि कपाळाला आठी घालतो. आता तुमचा दिवस बघा. पाहुण्यांची आधार कार्डं बघून रजिस्टर भरायचं, गूगल पेवर पैसे आले का बघायचं, मासे साफ करताना बारीक काटा शोधायचा, तांदूळ निवडायचे, चुलीवर काही ठेवलं तर त्याचा धूर. आणि पाहुणे येतात कधी, बारा-एकच्या उन्हात, तुम्ही फाटकाशी कपाळावर हात धरून उभ्या, समोर वाळूवरून आणि पाण्यावरून येणारा तो झगझगाट. म्हणजे त्या फॅमिलीने तुमचा पहिला चेहरा बघितला तो डोळे बारीक केलेला, दुसरा बघितला तो त्यांच्या आधार कार्डाकडे आठी घालून बघणारा. "रागीट" तिथून आलं असेल असा माझा दाट संशय आहे, पैज लावायला तयार आहे.

भाची म्हणाली, दोन भुवयांच्या मध्ये एक छोटा स्नायू असतो जो भुवया आत आणि खाली ओढतो, डोळे बारीक करताना तोच कामाला लागतो. दिवसातून शंभरदा ओढला की ती घडी कातडीत बसते, इस्त्री न करता घडी घालून ठेवलेल्या कॉटनच्या साडीसारखी. याच स्नायूत ते इंजेक्शन देतात. म्हणजे गंमत बघा, ज्या स्नायूला चष्मा नाही म्हणून दिवसभर राबवताय त्याला नऊ हजार देऊन सुट्टीवर पाठवायचं.

तर पहिली गोष्ट डोळे तपासणं. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जा किंवा कुडाळ-मालवणात कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आणि नुसता नंबर काढून येऊ नका, पापणी पण बघायला सांगा. ते का, ते पुढे सांगते.

आता इंजेक्शन. नुसतं "नको करू" म्हणायला मी इथे बसलेली नाही, जाऊबाई आहेत त्यासाठी. (जाऊबाई केसांना डाय लावतात का हो? लावत असतील तर त्या खुळाला किती वर्षं झाली ते विचारा एकदा.)

लोक म्हणतात ते विष असतं. असतंच. बॉट्युलिनम टॉक्सिन (बोटॉक्स हे त्याच्याच एका ब्रँडचं नाव), खराब झालेल्या डबाबंद अन्नात वाढणारा जिवाणू ते तयार करतो, आणि तसं पोटात गेलं तर माणूस मरू शकतो. इंजेक्शनमध्ये ते शुद्ध करून अगदी सूक्ष्म प्रमाणात वापरतात, नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे निरोप पोचवणारं रसायन अडवून धरतं, त्यामुळे तेवढाच स्नायू काही महिने ढिला पडतो. सुरुवात सौंदर्यासाठी झालीच नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांचं औषध ते, तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटतात त्या आजारासाठी, अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, १९८७ च्या सुमारास त्यांच्या एका पेशंट बाईने तक्रार केली की या वेळी भुवयांच्या मध्ये इंजेक्शन का नाही दिलं, तिथे दिलं की माझा चेहरा किती निवांत दिसतो. जीनबाईंचे मिस्टर अलास्टेअर हे स्किनचे डॉक्टर, मग दोघं मिळून त्यामागे लागले. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता आली २००२ साली, डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी २०१३ ला, कपाळासाठी २०१७ ला. भुवई उचलणं असं वेगळं त्या मान्यतेच्या कागदावर लिहिलेलं नाही, पण अनुभवी डॉक्टर जगभर करतात.

कसं करतात ते समजून घ्या म्हणजे कोणाच्या हातात चेहरा द्यायचा ते कळेल. भुवई म्हणजे रस्सीखेच आहे. वर ओढणारा एकच, कपाळाचा स्नायू. खाली ओढणारे तीन-चार, मधले आठीवाले आणि डोळ्याभोवतीचा गोल स्नायू. त्यात बाहेरच्या टोकावर आणखी अन्याय, कारण कपाळाचा स्नायू तिथपर्यंत नीट पोचतच नाही, म्हणून वय झालं की आधी टोक उतरतं. डॉक्टर काय करतात, खाली ओढणाऱ्यांना थोडं ढिलं करतात, भुवईच्या टोकाखाली थोडे थेंब, मध्ये थोडे, आणि कपाळाचा स्नायू मोकळा सोडतात म्हणजे तो जिंकतो. भुवई कोणी उचलत नाही तिथे, खाली ओढणारे दमवून ठेवतात एवढंच. आणि कोणी उत्साहाने पूर्ण कपाळभर टोचलं, सुरकुत्या पण जाऊ देत म्हणून, तर वर ओढणारा एकटा गडीच झोपतो आणि भुवया आणखी खाली येऊन बसतात. जड जड वाटतं कपाळ, तीन-चार महिने.

किती वर जाते? मुलीने मोबाइलवर जे फोटो दाखवले असतील ते विसरा. एक-दोन मिलिमीटर, कोणाला जरा जास्त. खराट्यातला एक हीर काढा आणि भुवईवर आडवा धरून आरशात बघा, साधारण तेवढा फरक. तुम्हाला तो दिसेल कारण तुम्ही रोज बघताय. जाऊबाईंना दिसेल कारण त्यांना आधीच माहितीय. मुंबईच्या चाकरमान्यांना दिसणार नाही, ते घरात शिरल्या शिरल्या विचारतात मोदक किती झाले.

आणि आता हिशोब, जो मुलीने सांगितला नसावा. इंजेक्शननंतर तीन-चार दिवसांत असर सुरू होतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात, आणि टिकतो तीन ते चार महिने. म्हणजे आत्ता केलंत तर गणपतीत दिसेल खरं, पण दिवाळीनंतर तुमचा सीझन सुरू होईल, नाताळ आणि थर्टी फर्स्टला तीनही खोल्या भरतील, तोपर्यंत उतरलेलं असेल. म्हणजे जो रिव्ह्यू मनाला लागला तो ज्यांनी लिहिला त्या गिऱ्हाइकांपुढे जुनाच चेहरा, आणि नवीन चेहरा बघायला घरचे लोक ज्यांनी तुम्हाला लग्नात हळद लावताना पण बघितलंय. कायम ठेवायचं तर वर्षातून तीनदा, सत्तावीस हजार, तुमच्या एका खोलीच्या चौदा रात्री. घाट चढून जायचं-यायचं भाडं वेगळं. परवडत असेल तर माझं काही म्हणणं नाही, तुमचे कष्टाचे पैसे आहेत, पण नऊ हजार हा आकडा एकदाचा नाही हे धरून ठरवा.

बिघडलं तर काय, हे पण उघड सांगते. सुई टोचल्यावर थोडं लाल होतं, निळं पडतं, डोकं दुखतं, ते दोन-चार दिवसांचं. त्रासदायक प्रकार म्हणजे औषध सरकून वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं तर एका डोळ्याची पापणी अर्धी खाली येते. फार जणींना होत नाही, आणि कायमचं राहत नाही, पण काही आठवडे राहतं. डॉक्टर एक डोळ्यात घालायचं औषध देऊ शकतात ज्याने पापणी थोडी उचलली जाते, तेवढाच आधार, बाकी वाट बघायची. दुसरा प्रकार, भुवईचं बाहेरचं टोक एवढं वर जातं की चेहरा कायम "काय सांगताय!" म्हटल्यासारखा दिसतो, दशावतारातल्या खलनायकासारखा. हे सोपं आहे, कपाळाच्या बाजूला एक-दोन थेंब अजून दिले की बसतं. पण त्यासाठी दोन आठवड्यांनी परत त्या डॉक्टरकडे जाता आलं पाहिजे. आणि हीच माझी मुख्य हरकत आहे ताई, गणपतीच्या तोंडावर, भर पावसात, घाटात दरड कोसळून रस्ता बंद असताना, घरात रंगकाम आणि माटवीची तयारी चालू असताना तुम्ही चौदाव्या दिवशी कोल्हापूरला जाणार? मुलगी म्हणते दहा मिनिटांचं काम. सुईचं काम दहा मिनिटांचं, बाकी दोन दिवस जातात, आणि परत दोन दिवस.

पापणी तपासा म्हटलं ते का, ते आता. एक करून बघा. आरसा घेऊन बसा, डोळे मिटा, कपाळ एकदम ढिलं सोडा, मग दोन्ही भुवयांवर बोटं ठेवून त्यांना वर जाऊ न देता हळूच डोळे उघडा. बोटाखाली कपाळ धडपडत वर यायला लागलं, किंवा पापणीची कातडी डोळ्यावर आल्यासारखी वाटली, तर तुमचं कपाळ दिवसभर पापण्या उचलून धरायचं काम करतंय असं समजा. अशा बाईच्या कपाळात इंजेक्शन गेलं की तो आधार निघतो आणि डोळे आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. असं असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरचं मत. आणि वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, पापणी संध्याकाळी जास्त जड होत असेल, एकाच बाजूची अचानक उतरली असेल, एकाची दोन दिसत असतील, तर तो ब्युटीचा विषयच नाही, आधी डॉक्टर, लगेच. भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होत चाललाय, थकवा आहे, वजन वाढतंय, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, कधीकधी टोक उतरलेलं नसतं, तिथले केसच गेलेले असतात.

केसांवरून आठवलं, पार्लर. तुमच्या फोटोत भुवया बऱ्याच बारीक कोरलेल्या आहेत आणि टोकाकडे वरून केस काढलेत. वरून काढले की भुवई खाली सरकणारच ना! माझ्या बाबतीत हेच झालं होतं, एका पार्लरमध्ये लग्नाच्या गडबडीत मुलीने वरूनच दोरा फिरवला आणि महिनाभर मी कोणाच्या तरी तेराव्याला निघाल्यासारखी दिसत होते. दोन-तीन महिने भुवयांना हात लावू देऊ नका, पेन्सिलीने भागवा, मग सांगा की फक्त खालून काढ, टोकाखाली जरा मोकळं कर. चाळीस-पन्नास रुपयांत हिराएवढा फरक दिसतो की नाही बघा.

एवढं सगळं करून, चाळिशी लावून, भुवया वाढवून, सीझन सुरू व्हायच्या आधी ऑक्टोबरमध्ये परत आरशात बघितलंत आणि तरी वाटलं की करायचंच, तर करा. खरंच करा. मी त्यात काही पाप बघत नाही, दात बसवून घेतो, केस रंगवतो, त्यातलंच. ऑक्टोबरात केलंत तर नाताळ आणि थर्टी फर्स्ट दोन्ही त्यात येतील, घाट पण कोरडा असेल. पण मग नीट करा.

डॉक्टर स्किनचे एमडी किंवा तशीच पदवी असलेले, नाहीतर प्लास्टिक सर्जन. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा नोंदणी नंबर विचारायला लाजू नका, बोर्डवर लिहिलेला असतो. पार्लरमध्ये नाही, कोणाच्या घरी जमून नाही, "आज केलं तर डिस्काउंट" तर नाहीच. त्या क्लिनिकने चेहरा न बघता फोनवर नऊ हजार सांगितले हे मला आवडलेलं नाही, कारण किती युनिट (म्हणजे औषधाचं माप) लागणार हे चेहरा हलवून बघितल्याशिवाय कसं कळणार, हसून दाखवा, आठी घाला, भुवया उचला, असं करून ठरवतात. कुठल्या ब्रँडचं औषध, किती युनिट, हे कागदावर लिहून घ्या, कारण एका कंपनीचं युनिट आणि दुसऱ्या कंपनीचं युनिट सारखं नसतं, आकड्याची तुलना करून स्वस्त-महाग ठरवू नका. बाटली तुमच्यासमोर दाखवायला सांगा, एक्स्पायरी बघा (चाळिशी लावून!), ते औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आधीचे फोटो काढून ठेवायला सांगा. पहिल्यांदा कमीच द्या म्हणा, कमी पडलं तर दोन आठवड्यांनी वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही.

आणि डॉक्टरला सगळं सांगायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, अलीकडे घेतलेली अँटिबायोटिकची इंजेक्शनं, डोळ्यांचं काही ऑपरेशन, डोळे कोरडे पडणं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी करायचं नसतं, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल त्यांनी तर नाहीच. "बोटॉक्स नको, फिलर भरू, भुवई जास्त उचलेल" असं कोणी म्हणालं तर थांबा, ती वेगळी गोष्ट आहे, कातडीखाली जेल भरतात त्यात, त्या भागात फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर क्वचित का होईना डोळा जायचा धोका असतो. भुवईच्या हिराएवढ्या फरकासाठी मी तरी ते करणार नाही.

करून आल्यावर त्या दिवशी चोळायचं नाही, चार तास आडवं व्हायचं नाही, खूप वाकून काम नाही. म्हणजे घाट उतरताना गाडीच्या काचेला कपाळ टेकून झोपू नका आणि घरी आल्या आल्या पाट्यावर बसू नका, त्या दिवशीचं वाटण मिक्सरला.

यावरून तुमचा दुसरा प्रश्न, मिस्टरांना सांगू का. सांगा. परवानगी वगैरे नाही, विचारू नका, सांगा. पापणी उतरली तर कोल्हापूरला गाडी कोण काढणार आहे? आणि तीन खोल्यांच्या घरात चार तास आडवं न होता, न वाकता, कपाळाला हात न लावता बसलेली बायको नवऱ्याला दिसणार नाही असं वाटतं तुम्हाला? "कोणाला कळणार पण नाही" हे मुलीने चांगल्या मनाने म्हटलंय, पण त्यात एक लपवाछपवी येते आणि मग मुंबईची नणंद म्हणाली "वैनी, छान दिसताय हां" की खूश व्हायच्या ऐवजी तुम्ही दचकणार. काहीतरी चोरून केल्यासारखं चार महिने वावरायचं असेल तर कपाळावरची आठी कुठे जाणार, आत जाऊन बसेल. मिस्टर हसतील कदाचित. हसू देत. कदाचित म्हणतील, मला तर तू कधी रागीट वाटली नाहीस, आणि ते ऐकून तुम्हाला बरं वाटेल की चीड येईल ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

मुलीवर मात्र चिडू नका. तिला तिथे पुण्यात हे सगळं रोजचं वाटतं, आणि आईला कोणीतरी रागीट म्हणालं याचा तिला तुमच्यापेक्षा जास्त राग आलाय असं पत्रावरून दिसतंय. तिला काम द्या, एक चांगली टोपी पाठव म्हणावं मोठ्या कडेची, फाटकाशी उभं राहायला. गॉगल पण चालेल, पण गॉगल लावून पाहुण्यांना उकडीचे मोदक वाढलेत तर रिव्ह्यूत काय येईल देव जाणे.

त्या रिव्ह्यूला अजून उत्तर दिलेलं नाही असं लिहिलंय तुम्ही. देऊन टाका दोन ओळी. जेवण आवडलं वाचून बरं वाटलं, काकूंना उन्हात नीट दिसत नव्हतं, चष्मा करायला टाकलाय, पुढच्या वेळी या. बस. पुढचे पाहुणे बुकिंग करताना तेच वाचतात.

ओरोसला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, नंतर रांग वाढते. घरात सासूबाईंचा जुना चष्मा लावून भागवत असाल (भागवताच, मला माहितीय) तर तोही सोबत न्या, डॉक्टरना दाखवायला. डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं, त्यामुळे गाडी मिस्टरांना चालवू दे. परत येताना वेळ बराच असतो, तेव्हा दुसरा विषय पण काढता येईल.

तुमची,
मावशी